आत्यांची अट

दुपारच्या सामसुमीत मोरीत बादलीची कडी वाजली. एकदाच. कुणीतरी ती लगेच हाताने दाबून धरली असावी, कारण पुढचा आवाज आलाच नाही.

मी ओसरीवर मेथी निवडत होते. माझी आरोही शाळेत, तिचे पप्पा, आदेश, टोमॅटोची गाडी घेऊन वाशीला. घरात आम्ही दोघीच. मी आणि माझ्या सासूबाई, साळुबाई. मी त्यांना आत्या म्हणते. बरेच दिवस आमच्यात कामापुरतंच बोलणं चाललं होतं. 'गाईला पेंड टाकली का?' 'टाकली.' संपलं.

अबोल्याचं कारण मला पक्कं ठाऊक होतं. निदान मी तसं समजून चालले होते. आरोहीच्या शाळेतून निरोप आला होता, की चौदा वर्षं पूर्ण झालेल्या मुलींना सरकारी दवाखान्यात लस मिळणार. गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर होऊ नये म्हणून. एकच सुई, फुकट, पण पंधरावा वाढदिवस यायच्या आत. आरोहीचा आता पुढच्याच आठवड्यावर आला होता.

आत्या तेव्हा भाकरी थापत होत्या. हात तसाच काठवटीत थांबला.

"पोरीच्या पिशवीला सुई? कशापायी? लगीन न्हाई, काय न्हाई. उद्या पोर व्हाया आडलं, तर सरकार येनार हाय का बारशाला?"

"आत्या, सुई दंडात देतात."

"दंडातली काय दंडातच बसून ऱ्हाती व्हय? अंगात फिरती की!"

मला हसू आलं आणि तिथंच चुकलं. त्यानंतर आत्यांनी देव्हाऱ्याला हात लावणं सोडलं. दिवाबत्ती, फुलं, सगळं माझ्यावर. लोणचं हवं असलं तरी बरणी मीच काढायची. गावच्या यात्रेला नैवेद्याचं पुरण त्या कुणाला शिवू द्यायच्या नाहीत, यंदा म्हणाल्या, "तूच लई शानी झालीयेस, तूच कर." म्हातारीचा रुसवा तरी किती, असं मनात म्हणत मीही हट्टाने सगळं करत राहिले. पुरण जरा सैल झालं. त्या एका शब्दाने बोलल्या नाहीत, तेव्हाच खरं तर मला कळायला हवं होतं.

मेथीच्या काड्या टाकायला मी घरामागे गेले. मोरीचं पाणी तिथे अळूच्या वाफ्यात सोडलेलं आहे. पाइपातून पाणी येत होतं आणि अळूच्या बुडाशी तांबूस होऊन साचत होतं. आधी वाटलं, बीट धुतलं असेल. पण घरात बीट नव्हतं. माझी पाळी नुकतीच होऊन गेलेली. आरोही शाळेत. म्हणजे राहिलं कोण?

काड्या माझ्या हातातच राहिल्या.

पूर्वी असलं धुणं बायका पहाटेच्या अंधारात पाटावर उरकून यायच्या. पण आता आमच्या पिंपळवंडीच्या मळ्यांमधून ऊस वाढला की बिबट्या असतोच. पलीकडच्या बांधाला वनखात्याने पिंजरा लावलाय. ऊन वर आल्याशिवाय पाटाकडे कुणी फिरकत नाही, आणि गेलं तर चारचौघी मिळून. आत्यांना लपवायला घराबाहेर जागाच उरली नव्हती.

मी पुढे आले तेव्हा मोरीचं दार उघडलं. आत्या पदराखाली काहीतरी धरून बाहेर आल्या, दोरीकडे निघाल्या, आणि ते दोरीवर घालता येणार नाही हे आठवून मध्येच थांबल्या.

"आत्या, कधीपासून?"

"काय कवापासून?"

"मी मागं होते. पाणी बघितलं."

त्यांनी आधी फाटकाकडे बघितलं. रस्त्यावर कुणी नव्हतं.

"यात्रेच्या आधीपास्नं. थांबतंय, परत येतंय."

"आणि मला बोलला नाहीत?"

"काय बोलू? नातीला न्हाण आलं, आन् तिच्या मागं आज्जीलाबी? लोकं हसत्याल. पाळी जाऊन इतकी वर्सं झाली गं, आता कशाला परत कावळा शिवला, मलाच कळंना."

"म्हणून देव्हारा, म्हणून बरणी..."

"मग इटाळात देव शिवू व्हय?" आत्या चिडून म्हणाल्या. "तुला काय वाटलं?"

मला काय वाटलं होतं ते मी सांगितलं नाही. त्यांच्या कपाळावर घाम होता आणि ओठ पांढुरके झाले होते. जवळून बघितलं तेव्हा हातातल्या बांगड्याही सैल वाटल्या.

"आत्या, गेलेली पाळी परत येत नसते. हे दुसरं काहीतरी आहे. दवाखान्याच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलंय, पाळी गेल्यावर रक्त दिसलं तर लगेच दाखवा. उद्या जाऊ. बायकांची तपासणी असते उद्या. डॉक्टर बाईच आहेत."

"उद्या?" आत्यांची नजर एकदम धारदार झाली. "उद्याच पोरींच्या सुया हायेत न्हवं?"

"आहेत."

त्या ओसरीच्या पायरीवर बसल्या. पदराखालचा पिळा मांडीवर घट्ट धरून म्हणाल्या, "येते मी. पन एक सांगते. पोरीला सुई द्यायची न्हाई. माझ्या पिशवीचं काय व्हायचं ते होऊ दे. तिच्या पिशवीला धक्का नको. तू शब्द दे, मी गाडीवर बसते. न्हाईतर तू आन् तुझा दवाखाना."

"आत्या, हे काय बोलणं झालं?"

"माझ्या धाकल्या भनीला असंच कुनीतरी काय टोचलं व्हतं. पुढं तिची पिशवी काढली. पोर झालं न्हाई म्हनून दाल्ल्यानं दुसरी आनली. माझ्या बापाच्या ओसरीवर म्हातारी झाली ती, राबून राबून. तुला काय ठावं?"

ती सुई कसली होती, कुणी दिली, पिशवी कशासाठी काढली, यातलं काहीच आत्यांना माहीत नव्हतं. बहीण केव्हाच गेली होती. मी समजावलं, रडले, रागावले. आत्या पायरीवरून हलल्या नाहीत.

मी आदेशला फोन लावला. मागे मार्केटचा गलका.

"आईला काय झालंय?"

"बायकांचं आहे. उद्या दवाखान्यात नेते."

"मग ने की. तुमी बायका बघा."

"आणि आरोहीच्या सुईचं?"

"आईला विचार."

"अहो, आईचंच तर..."

"ए, क्रेट खाली ठेव, फुटतील!" ते तिकडे कुणावर तरी ओरडले आणि फोन बंद झाला.

एक माणूस आज आजारी होतं, माझ्यासमोर बसलेलं. दुसरं कधीतरी, पुढे, कदाचित. असं मनाशी मांडून बघितलं तरी ते बसेना. कारण ते 'कदाचित' माझ्या पोटचं होतं. गाईंनी हंबरायला सुरुवात केली तशी आत्या सवयीने उठायला गेल्या आणि भिंत धरून परत बसल्या.

"बरं," मी म्हणाले.

"तसं न्हाई. हातावर हात ठेव."

मी ठेवला. त्यांचा तळवा गार होता. मी खरं बोलत होते की खोटं, ते माझं मलाच ठरवता आलेलं नव्हतं. मान वर केली, तर दारात आरोही दप्तर घेऊन उभी. किती वेळ उभी होती कोण जाणे. ती तशीच आत गेली.

सकाळी ती शाळेचा ड्रेस न घालताच तयार झाली. "मीपण येणार. आजी आत गेल्यावर बाहेर कोणीतरी नको का?"

"यिऊ दे," आत्या म्हणाल्या. "पन त्या सुईवाल्यांपास्नं लांब बस."

दवाखान्याच्या व्हरांड्यात दोन वेण्या घातलेल्या मुलींची रांग होती. एक जण रडायच्या बेतात, बाकीच्या तिला हसत. आरोही पार टोकाच्या बाकावर जाऊन बसली. मी आत्यांना घेऊन आत गेले.

डॉक्टर तरुण होत्या, खुशबू मॅडम म्हणून सगळ्या गावाला माहीत. आत्यांनी टेबलाकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं, आणि वेळ काढायला विचारलं, "तू कुनाची गं?"

"नारायणगावची. पेठेत फतेचंद शेठचं कापडाचं दुकान आहे ना? त्यांची नात."

"त्या फतेचंदाची?" आत्या ताठ बसल्या. "तुझ्या आज्यानं माझ्या लग्नात नऊवारी म्हनून लुगडं दिलं आन् निघालं आठवारी! मांडवात निऱ्या बसंनात माझ्या!"

"आजी, ते भांडण पडद्याआड करू. चला."

"पन मला इटाळ हाय. शिवताशिवत व्हईल."

"माझी आजी, भंवरीबाई, त्या चार दिवसांत मला अजून स्वयंपाकघरात पाय टाकू देत नाही," मॅडम हातमोजे चढवत म्हणाल्या. "एवढी डॉक्टर झाले तरी. घरी तिचं चालतं. इथे माझं."

आत्या पहिल्यांदाच किंचित हसल्या आणि टेबलावर चढल्या. आडव्या होताच त्यांनी माझं मनगट पकडलं. चार बाळंतपणं घरात केलेली बाई. सुईणीपलीकडे कुणाचा हात लागला नव्हता. त्यांनी डोळे छताला लावले आणि दातांत पदर धरला.

शेजारी ट्रेमध्ये वाटी होती, तिच्यात व्हिनेगरसारख्या वासाचं पाणी. गावच्या आशा सेविकेने सांगितलं होतं, कापसाच्या बोळ्याने ते पाणी लावतात, जरा थांबतात, आणि पांढरा डाग उमटतो का बघतात. मी त्या बोळ्याकडे बघत राहिले. मॅडमनी बॅटरीचा उजेड पाडला. वाकून बघितलं. बॅटरी जरा बाजूला घेऊन परत बघितलं.

बोळा त्यांनी उचललाच नाही.

"आजी, दुखलं का?"

"न्हाई. झालं?"

"झालं. पडून राहा जरा."

मला त्यांनी हात धुण्याच्या नळाशी बोलावलं. नळ सोडला आणि पाण्याच्या आवाजात म्हणाल्या, "पाणी लावून बघायची गरज नाही. वाढ उघड दिसतेय, हात लागला की रक्त येतंय. तुकडा काढून तपासायला हवा. ते इथे होत नाही. मी मोठ्या दवाखान्यात फोन करते, सरकारी गाडी देते. आजच जा."

"कॅन्सर आहे?"

"रिपोर्टशिवाय मी तो शब्द वापरणार नाही. पण ताई, थांबू नका. उपचार आहेत. उशीर नको."

टेबलावरून आत्यांचा आवाज आला. "नळ बंद करा. पानी वाया चाललंय. आन् मला बहिरी समजू नका."

आम्ही दोघी वळलो. आत्या उठून बसल्या होत्या, लुगडं सारखं करत होत्या.

"बाय, मला एक सांग. याच्यावर ती सुई चालत न्हाई का? ती भाईर पोरींना देतायत ती?"

"नाही, आजी. ती आजार अंगात शिरायच्या आधीची. लहानपणीच द्यायची."

"मी लहान व्हते तवा का न्हाई दिली मंग?"

"तेव्हा ही सुई जगात कुणाकडेच नव्हती."

आत्यांनी हे ऐकून घेतलं. निऱ्या खोचायला त्यांना बराच वेळ लागला. मी पुढे झाले तर त्यांनी मला कोपराने मागे सारलं. मग भिंतीला धरत त्या बाहेर गेल्या.

व्हरांड्यातली रांग संपत आली होती. नर्स शेवटच्या मुलीचा दंड पुसत होती. आरोही टोकाच्या बाकावरून आमच्याकडे बघत होती, आजीचा चेहरा वाचत. आत्या तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"सोनल, पोरीची बाही वर कर."

"आत्या, आपलं ठरलंय ना..."

"ठरलं व्हतं. तू पाळलंस. मोडते मी, तुला पाप न्हाई." मग नर्सकडे वळून, "ए बाय, इकडं ये. आमची राह्यलीय एक."

नर्सने विचारलेलं सगळं मी सांगितलं, आई म्हणून सही केली. आरोहीने बाही वर घेतली. आत्या तिचा दुसरा हात दोन्ही हातांत धरून उभ्या होत्या. "हळू. हळू टोच गं. कोवळा दंड हाय." सुई निघाल्यावरही त्यांनी हात सोडला नाही, नर्सने "झालं आजी" म्हटलं तेव्हा सोडला.

मुलींना सुईनंतर अर्धा तास बसवून ठेवतात. तेवढ्यात गाडी आली. ड्रायव्हर स्ट्रेचर काढायला लागला तशी आत्यांनी त्याला तिथंच अडवलं.

"ते कुनासाठी रं, भाऊ? मी काय मेलीय का आडवी व्हायला? मागं बसलं की मला उलटी व्हती. मी पुढं बसनार."

"आजी, पुढं पेशंट बसवत नाय."

"मग आज बसीव."

त्याने मॅडमकडे बघितलं, मॅडमनी मान हलवली. आत्या चढून बसल्या. पदर डोक्यावर घेतला, कपाळावर नीट ओढला आणि काचेतून समोर बघत राहिल्या, पाहुण्याच्या गावी निघालेल्या बाईसारख्या.

मी बाकावर आरोहीशेजारी टेकले. अर्धा तास व्हायला थोडं उरलं होतं. तिने दंडावरचा कापूस दाबून धरला होता. ती आजीकडे बघत होती, माझ्याकडे नाही.

"आई," ती हळूच म्हणाली, "आजीनं मोडलं नसतं, तर तू मला तशीच घरी नेली असतीस?"