सूनबाईंचा गरम चहा

मित्रांनो, मी एक जुने मलईयंत्र आहे. गोठ्यामागच्या खोलीत गंजत बसलो आहे, म्हणून लगेच भंगार समजू नका. वर दूध ओतून दांडा फिरवला, की माझ्या एका तोटीतून मलई आणि दुसरीतून पातळ दूध बाहेर पडे. हे काम मी वर्षानुवर्षे इमानेइतबारे केले.

कारखान्यात अंगावर हिरवा रंग चढला, तेव्हा मी भलताच मिजाशीत होतो. कारखान्याच्या गाडीवाल्याने मला या घरी उतरवले आणि पहिल्याच दिवशी घरातले सगळे दूध माझ्यात ओतले गेले. नव्याची नवलाई, दुसरे काय! मीही थेंबभर मलई मागे ठेवली नाही. मग उरलेल्या दुधाचा चहा झाला.

घरच्या आजोबांनी एक घोट घेऊन कप खाली ठेवला. "हा चहा आहे की कपबशी धुतलेलं पाणी?"

"सगळी मलई यंत्रानं काढली ना, बाबा," मुलगा म्हणाला.

"मग ते परत पाठव. आठ दिवसांनी गाडीवाला येईल, त्याच्याबरोबर जाऊ दे."

माझा नक्षाच उतरला. पण खरा घोर लागला सूनबाईंना. रोज दीड तास रवीने दही घुसळून त्यांचा उजवा खांदा कामातून गेला होता. माझ्यामुळे नुसती मलई घुसळायची, म्हणजे पाव तासाचे काम. तरी सासऱ्यांच्या शब्दाखातर त्यांनी मला पुसून कोपऱ्यात ठेवले आणि पुन्हा रवी हाती घेतली. मला फार वाईट वाटले.

सातव्या दिवशी आजोबा आपला रिकामा कप ठेवायला स्वयंपाकघरात आले. सूनबाई डाव्या हाताने चहा पीत होत्या. उजवा हात मांडीवर नुसता पडला होता.

"गार झालाय की गं तुझा चहा."

"रोजच होतो, बाबा. घुसळून होईपर्यंत गरम कुठला राहायला?"

"आणि हाताला काय झालं?"

"वर जात नाही. पोरीला कडेवर घ्यायचं म्हटलं तरी कळ येते."

आजोबा तिथेच पाटावर बसले. म्हणाले, "माझ्या चहापुरतं दूध आधी काढून ठेवत जा. बाकीचं यंत्रात घाल. गाडीवाल्याला मी सांगतो."

इतकी साधी गोष्ट, पण तोवर घरात कुणालाच सुचली नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून दांडाही आजोबांनीच धरला. "तू बस. आधी चहा पी," म्हणायचे. माझ्या दांड्याला एक घंटी आहे. वेग कमी असला की ती वाजते, पुरेसा झाला की गप्प होते. पुढे आजोबांचा हात थकला, घंटी वाजतच राहू लागली आणि मलई कमी निघू लागली. त्यांना ऐकूही कमी येई.

"वाजतेय का गं अजून?" ते विचारत.

"नाही बाबा, छान फिरतंय," सूनबाई सांगत आणि दोन्ही हातांत कप धरून सावकाश चहा पीत. मी कामाचा पक्का, पण ही लबाडी मला मनापासून आवडे.

आजोबा गेले, विजेचे यंत्र आले आणि मी या खोलीत आलो. मित्रांनो, अधूनमधून माझ्या चाकांना थोडे तेल द्या, एवढे केलेत तरी मी खूश आहे. पण तुमच्या घरी सगळ्यांच्या मागून चहा पिणारे कुणी असेल, तर मला तेल नंतर द्या. आधी त्यांच्या हातातले काम घ्या आणि त्यांना बसायला सांगा.