जिथं पडला ती जागा

फाटक जवळ आलं तसा हर्षानं ब्रेक दाबला, हँडलला लटकवलेलं पिवळं हेल्मेट काढलं आणि घमेलं पालथं घालावं तसं डोक्यावर ठेवलं. पट्टा लावायची तसदी तिनं घेतली नाही. फाटकावरच्या शिपायाला डोकं झाकलेलं दिसलं म्हणजे झालं. आत मेंदू आहे की नाही, हे तपासायचा नियम अजून निघाला नव्हता.

गावापासून इथवर ती हायवेनं आली होती. संत्र्याचे ट्रक आणि ट्रॅव्हल्सच्या गाड्या कानाला वारा घालत जात होत्या. तिथं बोडकं डोकं चालत होतं. कॉलेजच्या आवारात मात्र, जिथं कडुनिंबाच्या सावलीत म्हशीसुद्धा बाजूला होऊन वाट देत, तिथं हेल्मेट सक्तीचं. तेही फक्त सायकलवाल्या विद्यार्थ्यांना. स्कूटरवर फिरणारे प्राध्यापक उघड्या टकलानं हिंडायला मोकळे होते. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी, दुसरं काय!

आणि या बंबाला ओवाळायचं काम हर्षाकडेच आलं होतं. वक्तृत्वाच्या ढाली आणणारी मुलगी म्हणून मराठीच्या धर्मपाल सरांनी तिला व्हरांड्यात गाठलं.

"शुक्रवारी कार्यक्रम आहे. विषय 'हेल्मेट : काळाची गरज'. तू बोलशील. छान बोल, पाहुणे आहेत."

हर्षा हो म्हणाली. या कॉलेजात वृक्षारोपण काळाची गरज होतं, संगणक काळाची गरज होता, स्त्रीशिक्षण तर होतंच. इतक्या गरजा अंगावर घेऊनही काळ बिचारा कुणाकडे काही मागायला आल्याचं तिनं पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी तिची आई पार्बताबाई ओट्यावर झेंडूचे हार ओवत बसली होती. सकाळी राजापेठेत विकायचे हार. सायकलला लटकलेलं पिवळं बोचकं तिनं पाहिलं.

"हे काय व?"

"हेल्मेट. कालेजनं देल्लं, फुकट. कालेजात सायकल चालवताना घालाचं."

"कोन मेलं?"

हर्षाला हसू आलं. "कोनी मेलं पायजे का?"

"फुकट म्हनाली ना तू? कोनी मेल्याबिगर कोनी फुकट देते? मांगच्या साली गावात गाई वाटल्या, त्या काय पुन्य कमावाले वाटल्या?"

गाई कोणकोणत्या घरी आल्या होत्या, हे दोघींनाही माहीत होतं.

"उनाळ्यात होस्टेलचा एक पोट्टा मेला, शाकीब नावाचा," हर्षा म्हणाली. "तवा आमाले सुट्ट्या होत्या. सायकलवरून पडला म्हनतात."

पार्बताबाईची सुई थांबली. "सायकलवरून? तू शिकली तवा रोज पडे. गुडघ्याले हयद लावली अन् झालं."

"डोक्याले लागलं असंन."

"असंन," पार्बताबाई म्हणाली. तलाठी आला की ती याच सुरात बोलायची. शेतकरी फास घेत होते त्या वर्षांत माणूस कशानं गेला हे त्याच्या घरचे ठरवत नसत, तहसील ठरवायची. एक मरण सरकारी मदतीला पात्र निघे, शेजारचं अपात्र. गावानं हे सगळं पाहून ठेवलं होतं, आणि कागदावरच्या कारणावर गावाचा काडीचा विश्वास उरला नव्हता.

"कशानं मेला ते इचारून ये. जिथं खरं सांगत नाई तिथं मी लेकरू धाडत नाई. पैले इचार, मंग कालेज."

पार्बताबाई हे गमतीनं बोलत नव्हती. हर्षाला ते पक्कं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं सायकल स्टँडवर रोहितला धरलं. हा तिच्या वर्गातला, होस्टेलला राहणारा. त्याच्या हेल्मेटात पेरू भरलेले होते. तोच काय तो त्याचा खरा उपयोग.

"शाकीब कसा मेला रे?"

रोहितनं इकडेतिकडे पाहिलं. "सायकलवरून…"

"खरं सांग."

"त्याच्यापाशी सायकलच नव्हती," रोहित खाली पाहत म्हणाला. "लोडशेडिंग होती. उकाड्यानं आमी समदे गच्चीवर झोपत होतो. गच्चीले कठडा नाई. झोपेत उठला असंन, अंदाज चुकला."

"अन् तुमी कोनी बोलले नाई?"

"प्राचार्यांनी बोलावलं होतं. म्हने, बोभाटा झाला तं होस्टेल बंद होईन, समदे घरी जा. आमी कुठं जाऊ? तुले बोलाले काय जाते, तू घरून येतं!"

हर्षानं त्याच्याकडे नखशिखांत पाहिलं. होस्टेलभर पोरांनी मिळून एवढे मूग गिळले होते, की मेसला वर्षभर वरण पुरलं असतं.

"मंग आता तरी कठडा बांधला का?"

"हेल्मेट आनले ना," रोहित म्हणाला.

हर्षा थुंकली नाही, एवढंच. "शुक्रवारी माइक माह्या हातात हाय," ती म्हणाली. "तुमी बसा पेरू खात."

शुक्रवारी सभागृह भरलं. मंचावर प्राचार्यांच्या शेजारी शाकीबचे वडील बसले होते. अंजनगाव सुर्जीहून बोलावून आणलेले नियाजभाई. पानमळा सांभाळणारा माणूस. पांढरी टोपी, नागवेलीची पानं खुडून काळपट हिरवी झालेली बोटं. त्यांना शाल दिली, नारळ दिला, आणि आठवण म्हणून एक पिवळं हेल्मेटही दिलं.

मग नियाजभाई दोन शब्द बोलायला उभे राहिले.

"आमच्या शाकीबले गावात सायकल येत नव्हती," ते म्हणाले. "लय भेये. लहान भाऊ चालवे अन् हा त्याच्या मांगं बसे. पोट्टे हसत. इथं येऊन शिकला म्हने. खबर आली तवा लय रडलो. पन मंग दिलात आलं, चला, पोरगं सायकल तं शिकलं. त्याचा तेवढा शौक पुरा झाला. कालेजचा शुक्रगुजार आहो."

पहिली टाळी धर्मपाल सरांनी वाजवली. होस्टेलची पोरं आपापल्या चपलांकडे पाहत होती.

हर्षाच्या अंगाचा तिळपापड झाला. या माणसानं इतकं भोळं का असावं? मुलाचं मरण घेऊन आला आणि वर आभार मानून मोकळा झाला. तिचं नाव पुकारलं गेलं. वाक्य जिभेवर तयार होतं. कालपासून ती तेच घोकत होती. माइकसमोर उभी राहून तिनं एकदा मंचाकडे पाहिलं. नियाजभाई हेल्मेट मांडीवर घेऊन, तिचा शब्दही सांडू नये म्हणून पुढे वाकून बसले होते.

"हेल्मेट ही आज काळाची गरज आहे," हर्षा म्हणाली. तिथून पुढे शेवटपर्यंत ती बिनचूक बोलली.

टाळ्या जोरात पडल्या. ती खाली येऊन बसली तेव्हा रोहितनं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि त्याला तिरस्कारानं काही बोलायचं तोंड आता तिच्यापाशी उरलं नव्हतं. गिळलेल्या मुगांची चव तिला तिथं खुर्चीवर बसल्या बसल्या कळली.

कार्यक्रमानंतर ती सायकल घेऊन निघाली तेव्हा नियाजभाई धर्मपाल सरांशी बोलत होते.

"सर, पोरगा पडला ती जागा दाखवता का? फातिहा पढतो, मंग जातो."

"हो, हो. ते काय, समोरचं वळण. तिथं फलकही लावलाय आम्ही."

वळणावर नवा फलक होता : 'हळू चालवा, घरी कोणीतरी वाट पाहत आहे.' नियाजभाई तिथवर गेले. चपला काढल्या. हेल्मेट बगलेत होतं, ते काय करावं हे न सुचून फलकाच्या पायाशी ठेवलं. डांबरावर पडलेल्या निंबोळ्या हातानं बाजूला सारल्या. मग उभे राहिले, दोन्ही हात छातीसमोर पसरले आणि डोळे मिटले.

हर्षा पाहत होती. खोटं भाषण तिला चाललं होतं, तिनं स्वतःच ते ठोकलं होतं. पण इथं काहीच घडलेलं नव्हतं. या वळणावर कुणी पडलं नव्हतं, कुणाला खरचटलंसुद्धा नव्हतं, आणि हा बाप मुलासाठीची दुआ इथं ठेवून अंजनगावची बस धरणार होता.

"चाचा," ती म्हणाली, "इथं नाई."

नियाजभाईंनी डोळे उघडले. पसरलेले हात तसेच होते. "इथं नाई?"

"नाई. माह्यासंगं चला."

"हर्षा," धर्मपाल सर पुढे आले, "काय चाललंय? यांच्या बसची वेळ झालीय."

हर्षानं सायकल फलकाला टेकवली आणि ती चालू लागली. नियाजभाईंनी चपला पायात सरकवल्या, हेल्मेट उचललं आणि तिच्या मागे आले. सर थोडं अंतर बोलत आले, मग प्राचार्यांच्या कचेरीकडे वळले.

होस्टेलच्या दारावर 'मुलींना प्रवेश नाही' अशी पाटी होती. हर्षा आत शिरली. पोरं खोल्यांतून बाहेर आली, पण कुणी अडवलं नाही. रोहित त्यांच्यातून निघाला, पुढे झाला आणि गच्चीचं दार उघडायला वर गेला.

जिना अरुंद होता. पहिल्या वळणावर नियाजभाई थांबले. त्यांनी झिजलेल्या पायऱ्यांकडे पाहिलं, मग वर, जिथून उजेड येत होता तिकडे पाहिलं.

"बेटा," ते म्हणाले, "इथून सायकल वर चढते का?"

"नाई, चाचा."

त्यांनी हातातलं हेल्मेट जिन्याच्या कोपऱ्यात ठेवलं. मग भिंतीला हात लावून ते हर्षाच्या पुढे झाले आणि उरलेल्या पायऱ्या चढू लागले.