उगवलेली भिंत

शालिकरामला घर बांधायचं होतं, पण कोंबड्यांच्या आधी नाही. (तेव्हा मी नवऱ्याचं नाव घेत नसे. आता घेते.) बेसा गावाबाहेर दोन एकर घेतल्यावर आधी गाय-बैलांचा कोठा झाला, मग बकरीला आडोसा, मग कोंबड्यांना खुराडं. आम्ही दोघं कोठ्याच्याच एका कोपऱ्यात, तट्ट्याच्या पलीकडे राहत होतो. त्र्याहत्तर सालची गोष्ट. काटोलला माझ्या माहेरी हे मी कुणाला कळू दिलं नव्हतं.

तसा माणूस हुशार. त्याच्या शेतात काही वाया जात नसे. न्हाणीचं पाणी केळीला, केळीचा खांब चिरून बकरीला, बकरीच्या लेंड्या संत्र्याच्या रोपांना, आणि वांग्यावर अळी पडली की कोंबड्या मोकळ्या सोडायच्या. वाया जायचं ते फक्त बायकोचं बोलणं.

माझ्या सासूबाई, गोपिकाबाई, सासरे गेल्यापासून शहरात मोठ्या मुलाकडे, वामनरावांकडे राहत. भाड्याच्या दोन खोल्या. जन्मभर शेतात वावरलेली बाई तिथं खिडकीशी बसून असे आणि दिवसेंदिवस कमी बोले. शालिकरामला ते बघवत नसे. गेला की म्हणायचा, "चाल ना माय, आपल्या घरी." त्यांचं उत्तर ठरलेलं. "कोठ्यात राहाले मी काय म्हैस हाव? चार भिंती उभ्या कर, मंग नवरात्राचा घट घेऊन येईन." वामनरावांकडे त्यांनी घट बसवणंच सोडलं होतं. परक्याच्या जागेत देवीला कशाला त्रास, म्हणायच्या.

म्हणून त्या वर्षी शालिकरामनं जिवाचं रान केलं. खांबांवर छपराचे कवेलू चढले, भिंतींचा गारा तुडवायला बैल खड्ड्यात उतरले. चिखलाला भेगा पडू नयेत म्हणून त्यात गव्हाचं कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, घालायचं. आमची मळणीही त्याच्याच घाईतली, कुटारात निम्मे दाणे तसेच.

"चाळून घ्या ना जी," मी म्हटलं.

"चाळत बसलो तं दसरा होऊन जाईन," तो म्हणाला आणि टोपल्या ओतत सुटला.

भिंती झाल्या. पाऊस रिपरिपत होता, त्यामुळे त्या वाळेनात. एका सकाळी स्वयंपाकघराच्या भिंतीवर हिरवी लव दिसली, आणि दोनचार दिवसांत बोटबोट गहू उभा राहिला. आमची चंद्री बकरी मागच्या पायांवर उभी राहून माझं स्वयंपाकघर चरत होती. मी पोट धरून हसले. मग शालिकरामचं तोंड पाहिलं आणि हसू जिरलं.

"उद्या माय येऊन राहिली," तो खाली बसत म्हणाला. "खरडलं तं लिंपण निघते, ठेवलं तं हे असं. माय हे पाहीन आणि आल्या पावली वापस जाईन."

मला त्याची फार माया आली. त्या भिंती त्यानं आईसाठी उभ्या केल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी वामनराव रिक्षातून सासूबाईंना घेऊन आले. बाईंच्या हातात पितळी घट आणि लहानसं गाठोडं. त्यांनी घराला फेरी मारली, खांब ठोकून पाहिले आणि त्या भिंतीपाशी थांबल्या.

"चूक झाली माय," शालिकराम म्हणाला. "कुटार चाळलं नाही मी."

त्यांनी गव्हावरून तळवा फिरवला. वावरात उभ्या पिकावरून फिरवतात तसा.

"बरा उगवला," त्या म्हणाल्या आणि पाट मागितला. दरवर्षी पत्रावळीवर काळी माती पसरून घटाभोवती गहू पेरायचा असतो. त्यांनी घट सरळ भिंतीच्या पायाशी मांडला. "माती आहे, गहू आहे, उगवला बी आहे. आता आणिक काय पेरू?" वामनरावांना म्हणाल्या, "दसऱ्याले घ्याले ये."

घटाच्या धानाला जनावराचं तोंड लागू द्यायचं नसतं. त्यामुळे नवरात्रभर सासूबाई दारात काठी घेऊन बसल्या. चंद्रीशी दिवसभर भांडत. इतकं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. वर भिंतीवर रोज पाणीही शिंपडत.

"भिंत पडन ना, बाई," मी चिडून म्हटलं.

"पडन तं पडन. भिंत तो डबल बांधन."

दसऱ्याला त्यांनी ते धान उपटलं. शालिकरामच्या टोपीत खोचलं, माझ्या अंबाड्यात खोचलं, बैलांच्या शिंगांना बांधलं, आणि उरलेलं चंद्रीपुढे धरलं. "खा वं. तुह्यापायी बसली मी इथं."

धानाबरोबर लिंपणाचे पापुद्रेही निघून आले होते. संध्याकाळी वामनराव रिक्षा घेऊन आले, तेव्हा शालिकराम आईचं गाठोडं हातात घेऊन उभा होता. आई मात्र लुगडं खोचून, कुटाराच्या ढिगाशी, हातात चाळणी घेऊन बसलेली.

"तू जाय गा, वामन," त्या मान वर न करता म्हणाल्या. "याले अजून चाळता येत नाही."

शालिकराम विहिरीवर गेला आणि बराच वेळ तोंड धूत राहिला. घरात दुसरी चाळणी होती. मी ती कणगीमागं लपवून ठेवली.