सेशोएशोए की जमानी?

मित्रांनो, मी एक जुना झगा आहे. निळ्या, जाड सुती कापडाचा, बारीक पांढऱ्या ठिपक्यांचा. मला माझ्या मालकिणीच्या, थोझामाच्या, आईने तेले नदीपलीकडच्या खोसा लोकांच्या गावात शिवले. जर्मन लोकांनी असले कापड तिकडे आणले म्हणतात, म्हणून खोसा मला 'जमानी' म्हणतात.

थोझामा मला घालूनच नदीअलीकडे, लेसोथोत, सासरी आली. तेव्हा मी खळीने पुठ्ठ्यासारखा ताठ होतो. दारातच शेजारणीने विचारले, "झगा छान आहे गं. काय म्हणता याला तुमच्यात?"

"जमानी."

सासू मात्सेलिसोचा चेहरा आंबला. "आमच्या राजाला, मोशोएशोएला, हे कापड भेट आलं होतं. त्याच्यावरून याचं नाव सेशोएशोए. माझ्या घरात जर्मनांचं नाव चालायचं नाही."

"माझ्या आईनं शिवलाय. आई म्हणते तेच मी म्हणणार."

त्या दिवसापासून दोघींत विस्तव जाईना. थोझामाचा नवरा त्सेलिसो दूर खाणीत कामाला, मध्ये पडणार कोण? सासूने मला उचलले आणि माझ्या घेराला इकडच्या सोथो लोकांच्या पद्धतीच्या पांढऱ्या फिती लावल्या. "आता कुठं चारचौघांत नेण्यासारखा झाला," म्हणाली आणि मला पत्र्याच्या ट्रंकेत कोंडले. "नीट नाव घे, मग घाल."

सुनेने नाव घेतले नाही. सासूने किल्ली दिली नाही. मला कसर लागली.

मग एका सकाळी निरोप आला, थोझामाचे वडील गेले.

"आई, किल्ली द्या."

"कशाची?"

"ट्रंकेची."

"ट्रंकेत काय आहे?"

बाप गेलेल्या मुलीला कोणी असे विचारते का? सासूला तेव्हाही तिच्या तोंडून माझे नावच हवे होते. थोझामाने कुऱ्हाड आणली आणि कोयंडा उखडला.

"अशी गेलीस तर या उंबऱ्यात परत पाय ठेवू नकोस," सासू म्हणाली.

माहेरी रडून रडून तिचा आवाज बसला होता. तिच्या आत्याने माझा घेर चिमटीत धरला. "हे काय गं? जमानीला सोथोंच्या फिती? बापाच्या मातीला हे सोंग घालून आलीस?"

थोझामाने घेर सोडवून घेतला. "आत्या, याला सेशोएशोए म्हणतात."

जिच्या शब्दासाठी ती एवढी भांडली, त्या आईनेच तोंड फिरवले. थोझामाला आपलेच शब्द कानाला परके लागले असावेत. तिचे हात माझ्यावर घट्ट आवळले.

ती परतली तेव्हा सासू दार अडवून उभी होती. ही बातमी तिच्याआधीच नदी ओलांडून आली होती.

"तिथं काय म्हणालीस म्हणे? एकदा इथं म्हण."

"नाही म्हणणार."

मग सासू बाजूला झाली, पण आत ये म्हणाली नाही. आजही त्या एका चुलीवर रांधतात आणि एकमेकींकडे पाठ करून जेवतात. मला मात्र कोणी घालत नाही. मी पुन्हा त्याच ट्रंकेत आहे. कोयंडा मोडका, तरी कोणी उघडत नाही.

मित्रांनो, माझ्यावर टाके दोघींचे आहेत, आईचे आणि सासूचेही. मला कोणत्याही नावाने हाक मारा, पण वापरा. जाड कापड अंगावर झिजले की मऊ पडते. घडीत पडून राहिले की घडीवरच फाटते.