परत येण्याची हमी

फाल्गुन लागला की आसनेच्या काठचा मुलूख पिवळा होतो.

वसमतच्या पुढे, नदी जिथे दमून संथ होते, तिथल्या शेतांतून हळद खणून निघते. कढया चढतात. वाफेचे शुभ्र, सुगंधी, सावकाश स्तंभ कोवळ्या उन्हात उभे राहतात आणि आभाळात विरून जातात. अंगणं पिवळी, उंबरे पिवळे, बायकांचे तळहात पिवळे, लेकरांच्या गालांवर पिवळी बोटं. वाऱ्यालाही तो कडसर, उबदार, मातकट वास असा चिकटतो, की चैत्र सरेपर्यंत सुटत नाही.

त्या हळदवर्णी, धूम्रगंधी, श्रमसुंदर ऋतूत एका वर्षी प्रणिताच्या दारात एक परदेशी मुलगी येऊन उभी राहिली. पाठीवर फुगलेली पिशवी, उन्हानं लाल झालेला चेहरा, आणि ओठांवर पाठ करून आणलेलं एकच वाक्य. मला मराठी शिकायची आहे.

प्रणिताच्या आईनं तिला आत घेतलं. पाणी दिलं, मग चहा दिला, मग विचारलं, "जेवलीस का?"

तिचं नाव एलिका. आईच्या जिभेवर ते टिकेना. दोन दिवसांत ती अलका झाली आणि वर्षभर अलकाच राहिली. ती हळदीच्या ढिगाशी बसून जेठे गड्डे, म्हणजे मूळचे कंद, आणि त्यांना फुटलेली हळकुंडं वेगळी करायला शिकली. ठेचा खाताना डोळे पुसत आणखी मागायला शिकली. भाद्रपदात तापानं फणफणली, तेव्हा आई तिच्या कपाळावर ओल्या पट्ट्या बदलत उशाशी बसून राहिली. तिला कुणी विचारलं नाही, की बाई, तुझं लग्न झालंय का, तुझ्या नावावर काय आहे, तू परत जाशील कशावरून. दारी आलेल्या पाहुणीला असलं काही विचारायचं असतं, हेच त्या घराला ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी, ओट्यावर, दोघींचा व्यवहार चाले. शब्दाला शब्द. प्रणिता मराठीतला एक द्यायची, अलका आपल्या भाषेतला एक द्यायची. आभाळाला आभाळ, भुकेला भूक, मायेला माया.

त्या देशाचं नाव इथं सांगत नाही. सांगितलं, तर सगळा राग एकाच दारावर जाऊन थडकेल. आणि दारं तर कितीतरी, एकसारखी, एकाच कारखान्यातून घडवून आणल्यासारखी.

पण त्या भाषेबद्दल सांगायला हवं. त्या भाषेत 'तो' नाही आणि 'ती' नाही. बाईला आणि पुरुषाला, राजाला आणि दासीला, एकच इवलासा शब्द. हे प्रथम कळलं, तेव्हा प्रणितानं तो शब्द पुन्हा पुन्हा म्हणून पाहिला. घरात बाप नाही, भाऊ नाही, आणि वेशीपासून बाजारापर्यंत प्रत्येकजण त्याची आठवण करून देणारा. अशा तिला वाटलं, कुठेतरी पृथ्वीच्या पाठीवर असं एक वाक्य आहे, ज्यात माणूस आधी माणूस असतो. त्या वाक्यात एकदा राहून यावं.

अलका गेली. भाषा मागे राहिली.

प्रणिता वसमतच्या महाविद्यालयात तासिका तत्त्वावर मराठी शिकवायची. सकाळी तास, दुपारी शेत, आणि दिवेलागणीनंतर ती दूरची, हिमशीतल, लांबलचक प्रत्ययांची भाषा. एकेका नामाला पंधरा-पंधरा विभक्त्या. ती त्या घोकायची, भाकरी थापता थापता. तव्यावरची भाकर फुगायची आणि तिच्या ओठांवर एखादा प्रत्यय अचूक बसायचा, तेव्हा आई चुलीच्या उजेडात लेकीकडे बघून म्हणायची, "जमलं वाटतं."

वर्षं गेली. तिनं ऑनलाइन परीक्षा दिल्या. आणि एके दिवशी त्या देशातल्या एका विद्यापीठानं तिला वर्षभराच्या भाषावर्गात प्रवेश दिला; राहण्या-जेवणासकट शिष्यवृत्ती दिली. आईनं शेजारीपाजारी गूळखोबरं वाटलं. उरला होता फक्त व्हिसा.

मुंबईतल्या त्या कार्यालयात काच होती. हिरवट, जाड, निष्कंप काच. काचेमागे एक अधिकारी होता. निळा सदरा, निळी शाई, निळसर डोळे. तो त्या भाषेचा जन्मजात धनी होता.

"आपली हरकत नसेल," प्रणिता त्याच्या भाषेत म्हणाली, "तर मी आपल्याच भाषेत उत्तरं देते."

त्यानं मान वर केली. क्षणभर काहीतरी हललं त्याच्या चेहऱ्यावर, पाण्याखाली मासळी हलावी तसं. मग तो इंग्रजीत म्हणाला, "मुलाखत इंग्रजीतच होते."

मग प्रश्न आले, एकामागून एक, ठोकळ्यांसारखे.

"लग्न झालंय?"

"नाही."

"मुलं?"

"नाही."

"तुमच्या नावावर घर, जमीन?"

"घर आहे. शेत आहे. आईच्या नावावर."

"म्हणजे तुमच्या नावावर नाही." त्यानं काहीतरी लिहिलं. "नोकरी कायमची?"

"नाही."

"ह्या भाषेचा तुम्हाला तिकडे उपयोग काय? तुमच्या गावात ही भाषा कोण बोलतं?"

"मी बोलते," प्रणिता म्हणाली.

तो हसला. वाईट नव्हतं ते हसू. त्याहून वाईट होतं. दयाळू होतं.

काही आठवड्यांनी पासपोर्ट परत आला. सोबत छापील कागद. कारणांसमोर चौकटी, आणि त्यांतल्या दोन चौकटींत खुणा. अर्जदाराचा शिक्षणाचा हेतू विश्वासार्ह वाटत नाही. अर्जदाराचे स्वदेशाशी पुरेसे बंध दिसत नाहीत. म्हणून परत येण्याची हमी मिळत नाही.

पुरेसे बंध. प्रणितानं ते शब्द ओट्यावर बसून वाचले आणि तिच्या छातीत काहीतरी पेटलं.

तिच्या बापाला ह्याच नदीकाठी अग्नी दिला होता, आणि तो तिनंच दिला होता. ह्याच शेतात ती चिखल तुडवत वाढली, ह्याच विहिरीवर पोहायला शिकली, ह्याच रस्त्यानं तापानं फणफणलेल्या आईला दवाखान्यात नेत राहिली. तिच्या नखांच्या कडांत ही माती होती, तिच्या शिव्यांत ही माती होती, तिच्या झोपेत ही माती होती. पण मातीचा शिक्का नसतो. रक्ताची पावती नसते. काचेमागच्या जगाला बंध म्हणजे मालकी तरी ठाऊक, नाहीतर मालक तरी. जिच्या नावावर जमीन नाही आणि जिच्यावर कुणाचं नाव नाही, ती त्यांच्या लेखी वाऱ्यावरची. कुठंही उडेल, कुठंही पडेल, कुठंही रुजून बसेल.

आणि हेतू. श्रीमंत देशाचं लेकरू दूरच्या भाषेवर भाळलं, की त्याला जिज्ञासा म्हणतात, व्यासंग म्हणतात, कौतुकानं पाठीवर हात ठेवतात. हळदीच्या शेतातली बाई दूरच्या भाषेवर भाळली, की तिला विचारतात, खरं सांग, तुला नेमकं काय पाहिजे. तिला नुसतं शिकायचं असेल, हे त्यांच्या कुठल्याच चौकटीत बसत नाही.

खबर कळताच विश्वनाथमामा आले. मामा मायेचे होते, आणि मायेनंच त्यांनी खुर्ची पुढं ओढली.

"पोरी, मी चौकशी केली. लग्न झालेल्या बायांना देतात म्हणं. नवरा हितं ठेवून गेलं, की त्यांचा इस्वास बसतो. औंढ्याला एक स्थळ आहे. बीजवर आहे, पण माणूस साधा. आत्ता उरकून घेऊ, मग तू जा खुशाल."

"म्हणजे नवरा तारण ठेवायचा, मामा?"

"तसं नव्हं गं."

"तसंच आहे." तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला, तापलेल्या लोखंडासारखा. "आणि त्या माणसाला काय सांगायचं? तुला केलंय ते कागदासाठी, म्हणून?"

मामांचा चहा निवला.

ते गेल्यावर आई लेकीजवळ येऊन बसली. "एक एकर तुझ्या नावावर करू का? तलाठ्याला उद्याच भेटते."

"आई, ते जमीन मागत नाहीत. मला बांधायला दावं मागायलेत."

आई अंगणाकडं बघत राहिली. मग तिच्या तोंडून जे निघालं, ते तिनं कुणाला सुनावायला म्हटलं नव्हतं. ते आपोआप निघालं, खपली निघावी तसं.

"अलकाला आपण इचारलं होतं का, परत जाशील का म्हणून?"

प्रणितानं अपील केलं. वकिलाशिवाय, मामांशिवाय, औंढ्याच्या स्थळाशिवाय. त्या देशाच्याच भाषेत तिनं लिहिलं, पंधराही विभक्त्यांचा मान राखून: मी अविवाहित आहे, आणि तो माझा गुन्हा नाही. माझ्या नावावर जमीन नाही, पण मी जमिनीच्या नावावर आहे. मी परत येईन, कारण मी इथली आहे. तुमची भाषा मी उपयोगासाठी शिकत नाही. तुमच्या भाषेवर माझं प्रेम आहे, आणि त्याचा पुरावा म्हणून तुमच्या हातात हेच पत्र आहे.

उत्तर आलं. तोच कागद, त्याच चौकटी, त्याच खुणा. तिचं पत्र कुणी वाचलं होतं की नाही, हेही त्यावरून कळत नव्हतं. विद्यापीठाचं सत्र सुरू झालं. तिची जागा दुसऱ्या कुणाला गेली.

अलकाचा फोन आला. पडद्यावर ती रडत होती, मराठीत. "मला लाज वाटते. माझ्या देशाची मला लाज वाटते."

"तू रडू नकोस," प्रणिता म्हणाली. "तू रडलीस, की मला तुझी समजूत काढावी लागते. आज मला ते जमणार नाही."

अलकानं डोळे पुसले.

पावसाळा गेला. शरद आला आणि गेला. प्रणिता तास घेत राहिली, पण दिवेलागणीला आता चुलीपाशी एकही प्रत्यय उमटत नव्हता. आई भाकरी थापायची आणि ऐकायची. भाकरीचाच आवाज यायचा.

आणि मग पौषातल्या एका दुपारी, ऊन सौम्य आणि सावल्या लांब असताना, दारात एक मुलगी येऊन उभी राहिली. केस पिंगट, पाठीवर पिशवी, हातात अलकाच्या अक्षरातली चिठ्ठी. तिचं नाव नोरा. त्याच देशातली. मराठी शिकायला आलेली.

आई उठली, पण नेहमीसारखी पुढं झाली नाही. तिनं लेकीकडं पाहिलं.

प्रणिता दारापाशी गेली आणि तिनं दाराच्या फळीवर हात ठेवला. जुनी, सागवानी, वजनदार फळी. नुसती ढकलली असती, तरी लागली असती. तो क्षण काठोकाठ भरला होता. इतक्या महिन्यांचा निमूट, निखाऱ्यासारखा संताप तिच्या मनगटात उतरला होता, आणि समोर उन्हात उभी होती एक अजाण, घामेजलेली, विशीतली पोर.

"व्हिसा कसा मिळाला?" प्रणितानं विचारलं, तिच्याच भाषेत.

नोरा दचकली, मग आनंदानं तिचा चेहरा उजळला. "सहज मिळाला. घरूनच अर्ज केला होता."

"काय विचारलं?"

"विशेष काही नाही."

"लग्न झालंय का, असं?"

"नाही." नोरा गोंधळली. "असं का विचारतील?"

दाराची फळी हलली नाही. प्रणिताचा हात हळूहळू खाली आला. तिला माफ करावंसं वाटलं म्हणून नव्हे. दार लावणं म्हणजे काचेपलीकडच्या त्या खुर्चीत जाऊन बसणं होतं. आणि त्या खुर्चीत ती मरेपर्यंत बसणार नव्हती.

"बूट काढ," ती म्हणाली. "आत ये."

आईनं पाणी आणलं. नाव मात्र बदललं नाही. नोरा नोराच राहिली.

उन्हं उतरली, तशा दोघी ओट्यावर बसल्या. नोरानं कोरी वही उघडली. नमस्कार कसा म्हणायचा, आभार कसे मानायचे, विचारत होती.

"ते पुढं," प्रणिता म्हणाली. "पहिलं वाक्य मी सांगते ते. म्हण: मला कुणी अडवलं नाही."

"मला कुनी अदवलं नाही."

"अडवलं. ड. जीभ वर ने, टाळूला लाव, आणि सोड."

"अरवलं."

"ड."

"म्हणजे काय?" नोरानं विचारलं.

प्रणितानं अर्थ सांगितला. मग, त्याच भाषेत, त्याच स्वरात, सगळं सांगितलं: काच, प्रश्न, दोन खुणा, पुन्हा दोन खुणा, आणि गेलेली जागा. नोराच्या चेहऱ्यावरचा उजेड उतरत गेला. ती सॉरी म्हणाली नाही, रडली नाही. तिनं वही मिटून बाजूला ठेवली, पाठ ताठ केली, आणि पुन्हा म्हणू लागली.

अदवलं. अरवलं. अद्‌वलं.

पश्चिमेला तांबडं रेंगाळत होतं. बगळ्यांची एक लांब, शुभ्र, निःशब्द ओळ नदीवरून गेली. चुलीपाशी आईचे हात थबकले होते. आणि मग, जिभेच्या कितव्या तरी फेऱ्यात, तो 'ड' उमटला. कठीण, मूर्धन्य, निर्विवाद 'ड'. टाळूवर आपटलेला, अंगणभर घुमलेला.

मला कुणी अडवलं नाही.

"पुन्हा," प्रणिता म्हणाली.

आणि नोरानं पुन्हा म्हटलं, आणि पुन्हा, झाडं काळी होईपर्यंत, नदी दिसेनाशी होईपर्यंत, पुन्हा.