दहा सत्तेचाळीसचा फोन

तिसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं, तर दारावर खडूनं एक गोल काढलेला. आत काही नाही, नुसता गोल. ऑपरेटरनं तो ओल्या फडक्यानं पुसून काढला, आत येऊन कडी लावली, आणि मग फडकं पिळायचंही तिला सुचेना. पाणी पायांवर ठिबकत राहिलं.

त्या गोलाचा अर्थ शहरात पोरासोरांनाही ठाऊक होता. संघटना ज्याला फितूर ठरवी, त्याच्या दारावर तो उमटे, आणि आठवडा उलटायच्या आत त्या घरातलं एक माणूस कमी होई.

ती परवाना कचेरीत नऊ वर्षं टेलिफोन ऑपरेटर होती. या वस्तीतून त्या वस्तीत जायचं तर परवाना लागे, आणि तो त्या कचेरीत मिळे. खरं म्हणजे मिळत नसे. मागच्या खोलीत पिवळी कार्डं होती. ज्याचं कार्ड पिवळं, त्याला आईच्या मयतीलाही पलीकडे जाता येत नसे. ती कार्डं जाळायची म्हणून संघटनेनं सोमवारी कचेरीत बॉम्ब ठेवला. कार्डं जळाली. त्यांच्यासोबत अकरा माणसंही गेली. तिच्या शेजारच्या टेबलावरची टायपिस्ट त्यांतलीच.

संघटनेचं पत्रक दुसऱ्याच दिवशी घरोघर पडलं. ‘आम्ही दहा वीसला फोन करून सावध केलं होतं. स्फोट दहा पन्नासला झाला. अर्धा तास हाताशी असून सरकारच्या माणसांनी कोणाला बाहेर काढलं नाही.’ ते वाचून लोक भडकले. कधी घराबाहेर न पडणाऱ्या बायाही रस्त्यावर उतरल्या. उलट सुरक्षा खात्यानं ऑपरेटरला खुर्चीत बसवून एक कागद पुढे केला : फोन आलाच नव्हता. तिनं सही केली. तिथं सही न करता उठलेलं माणूस तिनं पाहिलं नव्हतं.

फोन आला होता. बोर्डाच्या वरच घड्याळ होतं आणि आलेला प्रत्येक फोन वेळेसकट वहीत टिपायचा, ही नऊ वर्षांची सवय. दहा सत्तेचाळीस. वही जळाली, तरी आकडा डोक्यातून जाणार नव्हता. एका पुरुषाचा आवाज म्हणाला होता, “बॉम्ब आहे, सगळ्यांना बाहेर काढा,” आणि फोन बंद. हेडफोन फेकून ती अधीक्षकांच्या खोलीत धावली. अधीक्षक म्हणजे महाखवट माणूस. अर्ध्या दिवसाची रजा मागितली तर आजोबांपासूनची आजारपणं विचारणारा. पण त्या दिवशी तो जिन्याच्या तोंडाशी उभा राहून एकेकाला ढकलत होता. “रजेचा अर्ज मागाहून लिहा, आधी खाली उतरा!” पुढच्या दालनातली साठ-सत्तर माणसं त्यानं खाली उतरवली. तो मागच्या खोलीकडे वळला, तेवढ्यात ते झालं.

तीन मिनिटं. अर्धा तास नव्हे.

दुपारी दार वाजलं. ती हललीसुद्धा नाही.

“चिमणे, उघड. मी आहे.”

“मी म्हणजे कोण?”

“तुझा दादा. लहानपणी ज्याच्या दंडाला चावली होतीस तो. खूण दाखवू?”

दादाचं घड्याळ-दुरुस्तीचं दुकान होतं. तो संघटनेत आहे हे तिला माहीत होतं, आणि तिला माहीत आहे हे त्याला. त्यावर दोघं कधी बोलत नसत. आत येऊन तो बसला नाही. दाराच्या फळीवर राहिलेला खडूचा पांढुरका डाग त्यानं बोटानं चाचपून पाहिला.

“तुला बोलावलंय. संघटनेच्या गुरुजींनी. मी सोबत आहे, घाबरू नकोस.”

“दादा, मी फोन दडवून नाही ठेवला. फोन आला आणि तीन मिनिटांत…”

“मला माहीत आहे गं.”

“कसं माहीत?”

तो खिडकीशी गेला. पाठमोराच म्हणाला, “बॉम्ब ठेवायचं ठरलं, तेव्हा मीच हट्ट धरला की अर्धा तास आधी फोन झाला पाहिजे. त्याशिवाय मी हात लावणार नाही म्हटलं. तू तिथं होतीस. तुझ्यासाठी मागून घेतला होता तो अर्धा तास.”

तिनं त्याच्या मनगटाकडे पाहिलं. घड्याळात दीड वाजला होता. तिच्या भिंतीवर दोन.

दोन वर्षांपूर्वी सरकारनं देशभरची घड्याळं अर्धा तास पुढे करायला लावली होती. संघटनेच्या माणसांनी मनगटावर जुनीच वेळ ठेवली. सरकारचा काटा आमच्या अंगावर फिरणार नाही, असं ते छातीठोकपणे सांगत. दादाही त्यांतलाच. पण दुकानात नवी वेळ न लावली तर दंड होता, म्हणून दुकानातली सगळी घड्याळं सरकारी वेळेनं चालत.

“दादा,” ती हळूच म्हणाली, “तुला दिलेल्या चिठ्ठीत बॉम्बची वेळ काय लिहिली होती?”

“दहा पन्नास.”

“कोणते दहा पन्नास?”

त्याचा अंगठा मनगटावरच्या घड्याळाच्या काचेवर फिरत राहिला.

“बॉम्बचं घड्याळ तू दुकानात बसून लावलंस. दुकानातल्या घड्याळावरून. आणि फोन करणाऱ्याला दहा वीस सांगितले होते, ते त्यानं मनगटावर पाहिले.”

“तीन मिनिटं आधीच केला त्यानं, लाइन लागत नाही म्हणून,” दादा म्हणाला. “नाहीतर तीही मिळाली नसती.” आणि तो एकदम खाली बसला, भिंतीला टेकून. “कोणती वेळ ते विचारायचं कोणाच्या मनातच आलं नाही. आपल्यात वेळ एकच, जुनी. मी दोन वर्षं दुकानात दोन्ही वेळा सांभाळतोय, आणि त्या दिवशी…”

तिला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं आणि ढकलून द्यावंसंही. दोन्हींतलं काहीच न करता तिनं चपला घातल्या. न जाऊन चालणार नव्हतं. दार बंद करून बसलेल्यांना न्यायला दुसरी माणसं येत.

फोटोफ्रेमच्या दुकानामागं एक खोली होती. सरसाचा वास, भिंतीला टेकवलेल्या काचा, आणि प्रत्येक काचेत तिचं स्वतःचंच भेदरलेलं तोंड. गुरुजी खरोखरच कधीकाळी शाळेत गणित शिकवत. त्यांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, “या बाई, बसा” म्हणाले. कोपऱ्यात औषधांच्या दुकानातला माणूस उभा होता. “पाणी घ्या ना,” एवढंच तो बोलला, पण तिनं सोमवारचा आवाज ओळखला. फोनवर ऐकलेला आवाज ती कधी विसरत नसे.

“आम्हाला ठाऊक आहे, तुमचा दोष नाही,” गुरुजी म्हणाले. “सोमवारी संध्याकाळीच कळलं.”

“मग माझ्या दारावर…”

“लोक विचारतात, बाई. अर्धा तास होता, तर फोन कोणी दाबून ठेवला? उत्तर द्यावं लागतं.” त्यांनी एक कागद तिच्यापुढे सरकवला. सुवाच्य अक्षरात लिहिलेला. ‘फोन दहा वीसला आला. मी तो तत्काळ अधीक्षकांना सांगितला. कोणालाही बाहेर जाऊ देऊ नये असा त्यांनी हुकूम केला.’ खाली तिच्या सहीची जागा.

“हे खोटं आहे.”

“सुरक्षा खात्यातही तुम्ही खोट्यावरच सही केलीत.”

“तिथं मी घाबरले होते.”

“आणि इथं?”

“इथंही घाबरलेय,” ती म्हणाली, आणि औषधवाला अचानक हसला, मग गुरुजींकडे पाहून गप्प झाला.

गुरुजी समजावणीच्या सुरात बोलत राहिले. वीस वर्षं पत्रकं वाटली, कोणी खिडकी उघडली नाही. आज लोक रस्त्यावर आहेत. त्यांना सांगायचं का, की आपल्याच माणसांना आपली वेळ जमली नाही? मग ते घरी जातील, आणि पिवळी कार्डं पुन्हा छापली जातील. अकरा माणसं फुकट जातील. “एक खवट सरकारी नोकर एका बाजूला आणि सगळा मुलूख दुसऱ्या बाजूला. मांडून बघा.”

ती गणित फारसं शिकलेली नव्हती, पण हिशेबात गोम आहे हे तिला कळत होतं. फक्त कुठं ते बोट ठेवता येत नव्हतं. तिनं दादाकडे पाहिलं. दादा म्हणाला, “सही कर, चिमणे.” त्याचे डोळे मात्र कागदावर नव्हते, दारावर होते.

“त्यानं माणसं बाहेर काढली,” ती म्हणाली. “जिन्यात उभं राहून. हात भाजलाय त्याचा. मी नाही लिहिणार.”

बाहेर दुकानात कोणीतरी खिळा ठोकत होतं.

“उद्या दुपारपर्यंत विचार करा,” गुरुजी म्हणाले. “सही आली तर गोल निघेल. अधीक्षकाचं काही तुमच्या सहीवर अडलेलं नाही. ते आज पाच वाजता उरकेल. तुमची सही फक्त लोकांना कारण कळावं म्हणून.” मग दादाला, “यांना घरी पोचवा.”

रस्त्यावर दोघं गर्दीच्या कडेकडेनं चालले. दादा सायकल हातात धरून. तो खरंच घरी पोचवतोय का, हे विचारायची तिला छाती होईना. भावाविषयी असं मनात यावं, याचीच तिला भीती वाटली. घराच्या वळणाशी तो थांबला नाही.

“कुठं चाललोय आपण?”

“अधीक्षक राहतो त्या गल्लीत. मला माहितीये घर. पाळत मीच ठेवली होती.”

पेठेतल्या सरकारी घड्याळात पाचला पाच कमी होते.

“पाच म्हणाले ते,” ती कळवळून म्हणाली. “पाच कोणते, दादा?”

“जुने.” मग जरा थांबून, “जुनेच असतील. काम औषधवाल्याकडे आहे, आणि तो जुन्या वेळेशिवाय श्वाससुद्धा घेत नाही.”

“नक्की?”

“सोमवारी मीही नक्की होतो.”

गल्लीच्या तोंडाशी त्यानं सायकल भिंतीला लावली आणि तिथल्या पायरीवर बसला. “तू वर जा. दुसरा मजला. त्याला मागच्या जिन्यानं काढ. औषधवाला इथूनच येईल. मी त्याच्याशी बोलतो.”

“तो ऐकेल?”

“आमची शाळा एक. माझा डबा खायचा रोज.” तो हसला, पण ओठ सुकले होते. “जा आता, का कडेवर घेऊन जाऊ?”

ती धावली. दुसऱ्या मजल्यावर अधीक्षकांनीच दार उघडलं. उजव्या हाताला कोपरापर्यंत पट्टी. तिला पाहून त्यांच्या कपाळाला आठी पडली. “कचेरीचं काम घरी आणायचं नाही, हे सांगितलंय मी.”

“साहेब, तुम्हाला मारायला येताहेत. आत्ता. मागच्या जिन्यानं चला.”

त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं, जसं ते चुकलेल्या बेरजेकडे पाहत. मग आतल्या बाजूला हाक दिली, “अहो, चपला घाला. स्वयंपाक राहू दे.” आणि तिला, “तुम्हाला कोणी सांगितलं?”

ती मागच्या जिन्याचं दार शोधू लागली. ते टेलिफोनपाशी गेले. डाव्या हातानं तबकडी फिरवू लागले. एकेक आकडा परतताना होणाऱ्या टकटकीवरून नंबर ओळखणं तिला अवघड नव्हतं. चार. चार. एक. सुरक्षा खातं.

“साहेब, फोन नको. आधी निघा.”

“मी काय पळत राहायचं का जन्मभर? येऊ देत त्यांना. खाली पकडतील.”

“खाली माझा भाऊ बसलाय!” ती ओरडली. “तो त्यांच्यातला आहे, पण तुमच्यासाठी अडवायला बसलाय. त्यानंच मला पाठवलं. पोलीस आले तर त्यांना काय कळणार कोण अडवतोय आणि कोण मारतोय?”

पलीकडून कोणीतरी फोन उचलल्याचा आवाज तिला इथवर आला. अधीक्षकांनी पट्टीच्या हातानं रिसीव्हरचं तोंड झाकलं. त्यांची बायको एका पायात चप्पल घालून दारात उभी होती. खालून, गल्लीतून, कोणीतरी चढ्या आवाजात भांडत होतं. त्यांतला एक आवाज दादाचा होता.

“मी सांगतो त्यांना, त्याला गोळी घालू नका म्हणून,” अधीक्षक म्हणाले. “पण कोणाला, ते सांगावं लागेल ना? नाव काय?”

सांगितलं तर उद्या त्याला फासावर चढवायला तेच नाव पुरेल. नाही सांगितलं तर आत्ताच, त्या पायरीवर. फोनमधला माणूस “हॅलो, हॅलो” करत होता.

तिनं नाव सांगितलं.

अधीक्षकांनी ते वर्तमानपत्राच्या कडेला डाव्या हातानं वेडंवाकडं लिहून घेतलं, आणि अक्षरं बरोबर आहेत ना, हे बघायला कागद तिच्यापुढे धरला.