मालाकी टूहीचा न्याय्य तक्ता

मालाकी टूही वजनमापे खात्यातून निवृत्त झाला, तेव्हा बॅलीक्लूनमधल्या आम्हा दुकानदारांनी मिळून त्याला घड्याळ दिलं आणि मनातल्या मनात हुश्श केलं. माझं खाटकाचं दुकान आहे. तीस वर्षं हा माणूस पितळी वजनांची पेटी घेऊन न सांगता दुकानात उभा राहायचा. एकदा माझा काटा चार ग्रॅमने गिऱ्हाइकाच्या बाजूने निघाला. मी म्हटलं, "मालाकी, यात माझंच नुकसान आहे." तो म्हणाला, "फर्गल, चूक ती चूक," आणि काट्याला सील ठोकून गेला.

असा माणूस निवृत्त होऊन घरात बसला की काय करणार? त्याने हर्लिंगकडे, म्हणजे आमच्या आयर्लंडच्या काठ्या-चेंडूच्या खेळाकडे लक्ष वळवलं.

त्या वर्षी आमच्या हर्लिंगच्या संघाची दैना झाली होती. लीगमध्ये आम्ही आणि शेजारचं ड्रमारा सारख्या गुणांवर अडकलो. मग मंडळाने गोल-गुणांचा फरक मोजला. तळाच्या संघाला ड्रमाराने सव्वीस गुणांनी धुतलं होतं. आमच्याशी मात्र तो संघ खेळायलाच आला नाही, कारण त्यांची निम्मी पोरं कुणाच्या तरी लग्नाला स्पेनला गेली होती. न खेळता जिंकलात तर जिंकल्याचे दोन गुण मिळतात, फरक मिळत नाही, असा नियम. म्हणजे लग्न त्यांचं आणि खालच्या गटात ढकलले गेलो आम्ही.

गाव पेटलं. जार्लाथ कॉइन म्हणजे आमच्या क्लबचा अध्यक्ष आणि पबचा मालक. त्याने तीन आठवडे दुसरा विषय काढू दिला नाही. मालाकी मात्र गप्प होता. एका मंगळवारी सकाळी तो एक मोठा कागद घेऊन माझ्या दुकानात आला. रेघा आखलेल्या, शाईने भरलेल्या. वर लिहिलं होतं, 'न्याय्य तक्ता'.

"काचेवर लावशील?"

"यात काय आहे?"

"जे व्हायला हवं होतं ते."

प्रत्येक सामन्याचा त्याने हिशोब केला होता. वारा कुणाच्या तोंडावर होता, ऊन कुठल्या गोलरक्षकाच्या डोळ्यांत गेलं, पंचाने कुठली आगळीक पाहिली नाही, सगळ्याचे गुण वजा-अधिक करून. त्या तक्त्यात आम्ही दुसरे होतो.

दुपारपर्यंत दुकानाबाहेर गर्दी. लोक तक्ता वाचायचे, मान डोलवायचे, आणि रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून पाव किलो सॉसेज घ्यायचे. न्यायाची मला पहिल्यापासूनच ओढ होती, पण इतकी कधी वाटली नव्हती.

महिन्याभरात खऱ्या तक्त्याकडे कुणी बघेना. जार्लाथ म्हणायचा, "मंडळाचा तक्ता म्हणजे नुसते आकडे. सत्य बघायचं तर फर्गलच्या काचेवर, डुकराच्या फऱ्याशेजारी."

मग फुटबॉलवाले चिडले. क्लब एकच, मैदान एकच, आणि नऊ पोरं दोन्ही खेळांत. मालाकीची बायको डिम्फना तरुणपणी कौंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या संघातून फुटबॉल खेळलेली. तिने माझ्या दुकानातच त्याला गाठलं.

"काठ्या आपटून एकमेकांची बोटं मोडणाऱ्यांना न्याय, आणि आम्ही काय पाप केलंय रे? शनिवारी हर्लिंग खेळून दमलेली पोरं रविवारी आमच्याकडे येतात. ते कुठे मांडलंस?"

मालाकीला ते पटलं. त्याने पंधरा दिवस घालवून फुटबॉलचाही तक्ता केला. दमणुकीचे गुण दिले, वाऱ्याचे दिले, चिखलाचेही दिले. तरी फुटबॉलचा संघ जिथे होता तिथेच राहिला.

"हे काय?" फुटबॉलवाले ओरडले.

"तुमच्यावर फारसा अन्याय झालेला नाही," मालाकी म्हणाला. "तुम्ही वाईट खेळलात."

दोन दिवस त्यांनी माझ्याकडून मांस घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांच्यातल्याच कुणीतरी शोध लावला की मालाकी मुळात हर्लिंगवाला, त्याला फुटबॉलमधला अन्याय दिसणारच नाही. यावर सगळ्यांचं समाधान झालं आणि विक्री पूर्वपदावर आली.

हळूहळू बाहेरगावचे लोक यायला लागले. शनिवारी सकाळी माझ्या बाकावर सुनावणी व्हायची. अर्ज शाईने लिहिलेला हवा. एका गावाचं म्हणणं, सामन्याच्या आदल्या दिवशी गावात मयत होती. मालाकीने विचारलं, किती वयाची? चौऱ्याण्णव. अर्धा गुण. दुसऱ्या गावाचा आरोप, पंच समोरच्या संघाच्या बचावपटूचा मावसभाऊ. मालाकीने चौकशी केली, ते दोघे जमिनीच्या बांधावरून सहा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. उलट त्या गावाचेच दोन गुण कापले.

बाहेरच्यांना न्याय देताना आमचा संघ दुसऱ्यावरून चौथ्यावर आला. गावाला ते जरा खटकलं, पण मोठ्या मनाचे आहोत असं दाखवायला बरं वाटत होतं.

ऑक्टोबरमधल्या एका शनिवारी ड्रमाराहून कॉलमन हेशन आला. अडुसष्ट वर्षांचा उंच माणूस, दोन्ही गुडघे बदललेले. एके काळी ड्रमाराचा गोलरक्षक. टोपी काढून त्याने अर्ज मालाकीपुढे ठेवला. मालाकीने वाचला आणि चष्मा पुसला. परत वाचला.

"हे सत्त्याऐंशी सालचं आहे," तो म्हणाला.

"मुदत कुठे लिहिलेली नाही. मी बाहेरचा तक्ता नीट वाचला."

सत्त्याऐंशी सालची अंतिम फेरी. बॅलीक्लूनने जिंकलेलं एकमेव अजिंक्यपद, तेही ड्रमाराविरुद्ध, एका गुणाने. तो शेवटचा गुण जार्लाथने मारला होता. पबमध्ये शिरलं की समोर त्याचाच फोटो. त्या दिवशी पंचाच्या मदतनिसांची गाडी वाटेत बंद पडली, म्हणून दोन्ही गावांची दोन-दोन माणसं पांढरे कोट घालून गोलखांबांशी उभी केली होती. जार्लाथचा चेंडू गेला त्या खांबाशी मालाकी होता. चेंडू दोन खांबांमधून गेला की पांढरं निशाण उचलून गुण द्यायचा, आणि ते त्याने उचललं होतं.

"खांब उंच नव्हते," मालाकी म्हणाला. "चेंडू खांबाच्या टोकावरून गेला. सांगणं कठीण होतं."

"मला कठीण नव्हतं. मी खालीच उभा होतो."

"ऊन होतं."

"पाठीमागे होतं रे." कॉलमनचा आवाज जराही चढला नाही. "मी भांडायला आलेलो नाही, मालाकी. गेली सदतीस वर्षं कुणाकडे अर्ज करायचा हेच कळत नव्हतं. तू दुकान उघडलंस, म्हणून आलो."

त्याने माझ्याकडून दोन चॉप घेतले आणि तो गेला. मालाकी बाकावर बसून राहिला. मी चहा दिला, तो तसाच निवला.

रविवारी तो घराबाहेर पडला नाही. डिम्फनाने मला नंतर सांगितलं, दिवसभर बागेत दोन बांबू रोवून त्यांच्याकडे बघत बसला होता. ती म्हणाली, "इतकं छळतंय तर फाडून टाक तो अर्ज. कॉलमन काय कोर्टात जाणार आहे?" तो म्हणाला, "चार ग्रॅमसाठी मी लोकांच्या काट्यांना सील ठोकलंय, डिम्फना."

सोमवारी काचेवर नवी ओळ आली. 'सन १९८७, अंतिम फेरी: बॅलीक्लूनचा एक गुण रद्द. सामना बरोबरीत.'

अकरा वाजेपर्यंत माझ्या काचेवर अंडं फुटलं होतं. बारा वाजता मी तक्ता काढून आत ठेवला. मला त्याची लाज वाटते, पण लग्नाची मोठी ऑर्डर जार्लाथच्या घरातली होती.

गुरुवारी क्लबच्या हॉलमध्ये सभा भरली. इतकी माणसं मी तिथे बिंगोलाही पाहिली नव्हती. जार्लाथ उभा राहिला.

"न्याय हवा, याबद्दल वाद नाही. प्रश्न एवढाच आहे, कुठल्या तारखेपासून."

"या एप्रिलपासून!" मागून कुणीतरी ओरडलं.

"मालाकी, तू सांग," जार्लाथ म्हणाला. "चेंडू आत होता की बाहेर?"

मालाकी उठला. "बाहेर. एवढा." त्याने दोन हातांमध्ये पावाइतकं अंतर दाखवलं.

"मग निशाण कशाला उचललंस?"

"तू आधीच दोन्ही हात वर केले होतेस, जार्लाथ. मागे सगळं गाव नाचत होतं. मला वाटलं, एवढी माणसं चुकायची नाहीत. घरी पोचेपर्यंत कळलं होतं की चुकली. तेव्हाच सांगायला हवं होतं. लोकांनी मला खांद्यावर घेतलं होतं. तिथून खाली उतरून सांगणं जमलं नाही."

ठराव मांडला गेला की न्याय चालू हंगामापासून लागू राहील आणि त्याआधीचा सगळा अन्याय कायम समजला जाईल. विरोधात एकच हात वर झाला, तो डिम्फनाचा. मालाकीने मत दिलं नाही. ज्याचा विषयाशी संबंध आहे त्याने मत देणं बरोबर नाही, असं तो म्हणाला.

सगळं तिथेच मिटलं असतं. पण ड्रमाराचं पत्र आलं. बरोबरी झाल्यास सामना परत खेळवतात, असा नियम आहे. आम्ही तयार आहोत. त्या वेळचेच खेळाडू, जे हयात आहेत आणि धावू शकतात ते. आला नाहीत तर न खेळता हरलात असं धरू.

जार्लाथ चडफडला. पण नाही म्हणणं म्हणजे स्पेनच्या लग्नाला गेलेल्यांच्या रांगेत बसणं. त्याने सराव सुरू केला.

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी दुपारी सामना झाला. त्यांचे बारा, आमचे अकरा. हेल्मेट घातल्यावर निम्म्यांना चष्मा लावता येईना. तीनशे माणसं जमली, खऱ्या अंतिम फेरीला येतात त्याहून जास्त. विसाव्या मिनिटाला जार्लाथ गोलसमोर एकटा सापडला, काठी मागे नेली आणि तसाच खाली बसला. जांघेतली शीर ताणली होती. रुग्णवाहिकेतून तो पंचाला शिव्या घालत राहिला. शेवटी आम्ही नऊ गुणांनी हरलो.

मैदानाच्या फाटकापर्यंत पोचायच्या आत कारणं तयार होती. ते बारा, आम्ही अकरा. त्यांच्या मैदानाचा उतार. आणि पोस्टमन डेक्लनचा मुद्दा तर बिनतोड होता: कॉलमन हेशनचे दोन्ही गुडघे सत्त्याऐंशी साली संघात नव्हते, म्हणून ते बेकायदा.

"मालाकी," तो म्हणाला, "हे तुझ्या तक्त्यात यायला हवं."

गेले महिनाभर ज्यांनी त्याच्याशी बोलणं टाकलं होतं, ते सगळे आता त्याच्याभोवती कोंडाळं करून उभे होते. प्रत्येकाकडे अन्यायाचा तुकडा होता. मालाकीने सगळ्यांचं ऐकून घेतलं.

"हरलो आपण," तो म्हणाला आणि डिम्फनाच्या गाडीत जाऊन बसला. गाडीत तो रडला, असं डिम्फना म्हणते. पण हरल्याचं दुःख नव्हतं ते, असंही म्हणते.

त्याने पुढे तक्ता केला नाही. लोक शनिवारी येत राहिले. मी त्यांना सॉसेज विकत राहिलो. खालच्या गटात आमच्या संघाने या वसंतात पहिला सामना एकोणीस गुणांनी जिंकला आणि पंच उत्तम होता यावर गावाचं एकमत झालं. जार्लाथच्या मते खालच्या गटात एकूणच न्याय बरा मिळतो.

मालाकी आता रविवारी डिम्फनाबरोबर फुटबॉल बघायला जातो. परवा मी त्याच्याशेजारी उभा होतो. समोरच्यांनी आमच्या पोराला सरळसरळ पाडलं, पंचाने शिट्टी वाजवली नाही. डिम्फना कठड्यावर चढून ओरडली. मालाकीचा हात खिशातल्या पेनाकडे गेला, तिथेच थोडा वेळ राहिला.

"त्रास होतो का रे?" मी विचारलं.

"खूप," तो म्हणाला, आणि तिच्या थर्मासमधला चहा मला ओतून दिला.